वजन तोला, हेतू तोलू नका

महादेवपुरा, काडुगोडी, व्हाइटफील्ड व कृष्णराजपुरम येथील मराठी बंधुभगिनींस,

होस्कोटे, मालूर आणि कोलार या बाजूंनी भल्या पहाटे भाजी भरून निघालेले टेम्पो आपल्या रस्त्यांवर अडवावयाचे, आणि शेतकऱ्याच्या परवान्यावर मालवाहतुकीचा शेरा नाही एवढ्या सबबीवर त्याच्याकडून दंड वसूल करावयाचा, हा शिरस्ता आपणांस नवा नाही. परंतु गेल्या पंधरवड्यात काडुगोडीनजीक जो प्रकार घडला, त्यानंतरही गप्प बसणे याला सभ्यता म्हणत नाहीत. टोमॅटोचे पन्नास क्रेट भरलेला एक 'छोटा हत्ती' सकाळपासून भर दुपारपर्यंत उन्हात उभा करून ठेवला होता, खालच्या थरातील फळे फुटून त्यांचा रस मागच्या फळीवरून रस्त्यावर ठिबकत होता, आणि शेत माझे, माल माझा, गाडी माझी, असे परोपरीने सांगणाऱ्या त्या गृहस्थास एकच उत्तर मिळत होते : "विकायलाच नेतोस ना? मग धंदाच झाला."

या पत्रकाचा रोख कोणा एका अंमलदारावर नाही. अंमलदारांच्या बदल्या होतात. वृत्तीची बदली होत नाही. त्या वृत्तीचा सिद्धान्त असा की, गाडी हाकण्याची मनुष्याची पात्रता त्याच्या डोळ्यांवर, हातापायांवर व सरावावर अवलंबून नसून, गाडीच्या हौद्यात काय भरले आहे आणि ते विकून दोन पैसे मिळणार आहेत की नाहीत यावर अवलंबून असते. घरची माणसे मोटारीत बसवून याच रस्त्याने जाणारा शेतकरी जबाबदार नागरिक. त्याच हातांनी टोमॅटो आणू लागला की तो अपात्र. माणसांपेक्षा टोमॅटोच्या जिवाची ही काळजी पाहून कोणाचेही मन भरून यावे!

आता कायदा काय म्हणतो ते शांतपणे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हलक्या वाहनाची मर्यादा ठरविली (१९९४ च्या दुरुस्तीपासून ती ७,५०० किलो आहे), आणि त्या व्याख्येत मालवाहू वाहनाचाही स्पष्ट अंतर्भाव केला. २००१ साली कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात, ट्रॅक्टरला ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निकामी होत नाही असा निर्णय झाला. याउलट युक्तिवाद मान्य केला तर खाजगी मोटारीच्या टपावर सामान लादणाराही विनापरवाना ठरेल, हा त्यातील हास्यास्पद भाग न्यायालयानेच दाखवून दिला. २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनासाठी वेगळा शेरा लागत नाही, असे ठरले. २०१८ मध्ये केंद्रीय परिवहन खात्याने राज्यांना तसे कळविले. आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. धोकादायक मालासाठीचे जादा नियम कायम राहिले. टोमॅटो धोकादायक मालात मोडतो असे अद्याप कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

भरलेल्या छोट्या हत्तीचे वजन साधारण दीड टन. आपल्या संगणक-कंपन्यांच्या फाटकांपुढे सकाळ-संध्याकाळ ज्या सात आसनी मोटारींची रांग लागते, त्यांतील कित्येक रिकाम्याच पावणेदोन-दोन टनांच्या असतात, आणि त्या हाकणाऱ्यास कोणी कधी शेरा विचारीत नाही. रस्त्यावर आदळणारी वस्तू दीड टनाची आहे की दोन टनांची, हे पादचाऱ्याच्या हाडांना कळते. ती विक्रीस निघाली होती की कचेरीस, हे कळत नाही.

दंडाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालविण्याचा केंद्रीय कायद्यातील दंड ५०० रुपयांवरून ५,००० वर गेला. मुलगा चालवीत असेल तर गाडी त्याच्या हाती दिल्याबद्दल बापावर आणखी ५,०००. पंधरा-पंधरा किलोचे पन्नास क्रेट म्हणजे ७५० किलो माल; भाव पडलेल्या दिवसांत किलोला पाच रुपये मिळाले तर अख्ख्या गाडीचे ३,७५० रुपये होतात. त्यांतून हमाली, क्रेटचे भाडे आणि डिझेल वजा जावयाचे आहे. म्हणजे गुन्हा नसलेल्या गोष्टीचा दंड मालाच्या किमतीहून मोठा!

यावर एक सुशिक्षित आक्षेप हटकून येतो : "पण रस्ता-सुरक्षेचे काय?" सुरक्षा आम्हांलाही हवी आहे, रस्त्याने आमचीही मुले चालतात. मात्र हाच आक्षेप विमा कंपन्यांनी घटनापीठापुढे मोठ्या हिरिरीने मांडला, तेव्हा हलक्या परवान्यावर मालवाहू गाडी हाकणाऱ्यांमुळे अपघात वाढतात असे दाखविणारी आकडेवारी कोणत्याही पक्षाने पुढे ठेवली नाही, अशी नोंद निकालपत्रातच आहे. दुसरा आक्षेप : "सवलत दिली की उद्या जो तो शेतकरी होईल." शेतीच्या उत्पन्नावर आयकर माफ करताना सरकारला शेतकरी ओळखू येतो, येथे पहाणीचा उतारा आहे, आपल्या गावाकडे सातबारा आहे. मग शेतकरी कोण हे कोडे नेमके नाक्यावरच का पडावे?

७,५०० किलोंच्या वरच्या गाड्यांचा प्रश्न खरोखर वेगळा आहे, आणि तेथे आम्ही भोळी सूट मागत नाही. दहा चाकांची लॉरी हाकणाऱ्याची कसोटी कडक असलीच पाहिजे, मग तो शेतकरी असो वा सावकार. परंतु ती कसोटी गाडी हाकण्याची असावी. २०१९ पर्यंत मालवाहतुकीच्या परवान्यास आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती सरकारनेच काढली आणि आभाळ कोसळले नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचा हेलपाटा मात्र शिल्लक आहे. अमेरिकेत, जिथे लॉऱ्या आपल्यापेक्षा अजस्र आहेत, शेतापासून १५० मैलांच्या आत स्वतःचा माल नेणाऱ्या आणि भाड्याने वाहतूक न करणाऱ्या शेतकऱ्यास व्यावसायिक परवान्यातून वगळण्याची मुभा राज्यांना आहे. १५० मैल म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर. कोलार आपल्यापासून त्याच्या चौथाईवरही नाही.

तेव्हा आमच्या मागण्या तीन. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीस शेरा मागण्याचा शिरस्ता लेखी हुकुमाने बंद व्हावा, आणि घटनापीठाच्या निकालाचा सारांश कन्नडमध्ये प्रत्येक तपासणी नाक्यावर लावावा. त्यावरील गाड्यांसाठी स्वतःचा माल नेणाऱ्या शेतकऱ्यास मर्यादित अंतराचा परवाना केवळ चालनपरीक्षेवर मिळावा. आणि चुकीने घेतलेला दंड अर्जाची वाट न पाहता परत व्हावा.

आपल्यापैकी अनेकांचे भाऊ आज नारायणगाव, संगमनेर, सांगोला येथून अशीच पिकअप घेऊन बाजारात जातात; कायदा केंद्राचा आहे, म्हणून जो अन्याय काडुगोडीस चालतो तो तेथेही चालेल. निकालाची तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा. अडविलेला टेम्पो दिसला तर मोटार बाजूस घेऊन खाली उतरा, दंड कोणत्या कलमाखाली, ते विनयाने विचारा, आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत हलू नका. कचेरीस अर्धा तास उशीर होईल, तेवढा सोसा.

आपला,
महादेवपुऱ्यातील एक मराठी रहिवासी