चिमूट केव्हा सोडायची

मुक्ताईनगरच्या बाजारात जुने मोबाइल विकणाऱ्या एका दुकानात गेल्या महिन्यात तासभर बसलो होतो. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आला. त्याने ना कॅमेऱ्याची चौकशी केली, ना बॅटरीची. "भाऊ, ह्याच्यात जायरो आहे ना?" दुकानदाराने फोन आडवा केला, स्क्रीन फिरली. "हा बघ, आहे की." मुलगा हलला नाही. "स्क्रीन तर सगळ्याच फोनची फिरते. बीजीएमआय टाकून दाखवा."

मुलाचे बरोबर होते. स्क्रीन फिरवायला अ‍ॅक्सेलरोमीटर पुरतो. गुरुत्वाकर्षण कोणत्या बाजूला आहे एवढे त्याला कळते आणि तेवढ्यावर काम भागते. मनगट किती अंशांनी वळले हे सांगायला जायरोस्कोप लागतो, आणि बऱ्याच स्वस्त फोनांमध्ये कंपनी तो घालतच नाही. आपल्या खेळरचनाकारांतले अनेक जण हा फरक कागदावर शिकले. तो मुलगा हरून शिकला असावा.

हालचालीवर चालणाऱ्या खेळांचा विषय निघाला की आपण लगेच जपानी आणि अमेरिकी कन्सोलांकडे वळतो. खानदेशात कन्सोल आहे किती घरांत? इथे हालचालीचा कंट्रोलर म्हणजे खिशातला फोन. बीजीएमआय या नेमबाजीच्या मोबाइल खेळात जायरोच्या तीन सोयी आहेत: बंद, फक्त स्कोप उघडल्यावर, आणि कायम चालू. मधली सोय मला सगळ्यांत शहाणी वाटते. मोठे वळण अंगठा घेतो, आणि गोळीबारात वर उसळणारी बंदूक खाली आणण्याचे बारीक काम मनगट करते. अंगठ्याला जाडीभरडी कामे, मनगटाला नाजूक. २०१५ च्या 'स्प्लॅटून'मध्ये निन्टेन्डोने हीच वाटणी केली होती.

मोठी हालचाल मात्र जपून मागावी. २००६ साली निन्टेन्डोचा 'वी' कन्सोल आला तेव्हा त्याच्या रिमोटमध्ये जायरो नव्हताच. टीव्हीवर ठेवायच्या त्या 'सेन्सर बार'मध्येही सेन्सर नव्हता, दोन टोकांना अवरक्त दिवे होते. ते पाहणारा डोळा रिमोटच्या तोंडाशी होता. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर 'वी स्पोर्ट्स'चे टेनिस उभे राहिले, कारण रचनाकारांनी खेळाडूचे धावणेच काढून टाकले. मैदानात तो आपोआप चेंडूपाशी जातो, आपल्याकडे उरते ती रॅकेट मारण्याची वेळ. सेन्सरला जेवढे कळते तेवढेच विचारायचे, ही शिस्त त्यात आहे.

त्याच कन्सोलवर २०१० साली 'डाँकी काँग कंट्री रिटर्न्स' आला. त्यात गडगडत जायला रिमोट झटकावा लागे. उडीची वेळ केसाएवढी बारीक, आणि हुकूम द्यायचा तो झटक्याने. बटण दाबले की त्या क्षणी कळते. झटका मात्र सुरू कधी झाला आणि पुरा कधी झाला, हे यंत्राला ठरवावे लागते, आणि तेवढ्यात कडा हुकते. २०१३ च्या थ्रीडीएस आवृत्तीत ते काम बटणाकडे गेले. तलवारीच्या दिशेवरच सगळी लढाई बेतलेल्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'लासुद्धा २०२१ च्या नव्या आवृत्तीत बटणांचा पर्याय द्यावा लागला. दोन्ही खेळ उत्तम आहेत, म्हणूनच त्यांच्याकडून शिकावे.

मग आपल्या हालचाली कोणत्या? मला गोफण आठवते. दादर ज्वारी हुरड्यात आली की शेतातल्या माळ्यावर बसून पाखरे हाकायची. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत. खोळीत खडा ठेवून हात डोक्यावर गरगर फिरवला की दोरी ताणली जाते, खड्याचे वजन खांद्यापर्यंत जाणवते, आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. क्षणभर आधी सोडली की खडा भलतीकडे, उशिरा सोडली की तिसरीकडेच. खेळरचनाकाराला आणखी काय हवे! फिरवण्याला लय आहे, ताणाला चढ आहे, आणि सगळे कौशल्य सुटण्याच्या एका क्षणात आहे. विटीदांडू याच्याशेजारी अवघड वाटतो. टोला बसला तेव्हा दांडूतून हाताला जो हादरा येतो तोच त्यातला आनंद, आणि हवेत फोन फिरवून तो येत नाही.

नव्या कंट्रोलरांचा उपयोग नेमका इथे आहे. २०२० पासून प्लेस्टेशन ५ सोबत येणाऱ्या ड्युअलसेन्सचे ट्रिगर बोटाला विरोध करतात. 'रिटर्नल'ने त्यातून एकाच ट्रिगरचे दोन टप्पे केले: अर्धा दाबला की नेम, अडथळा ओलांडून पूर्ण दाबला की बंदुकीचा दुसरा मारा. सोय खेळाच्या पोटात शिरली. नाहीतर दार उघडले तरी थरथर आणि पाऊस पडला तरी थरथर, असे करून ठेवले की तासाभरात हाताला काहीच जाणवेनासे होते. निन्टेन्डोच्या २०२५ च्या स्विच २ मध्ये जॉय-कॉन कंट्रोलर माऊससारखा टेबलावर सरकवता येतो. व्यूहरचनेच्या खेळाला ते वरदान, पण आधी टेबल तर हवे. कॅमेऱ्याने अंगाची हालचाल टिपणाऱ्या किनेक्टला तर खेळाडू सुमारे सहा फूट दूर उभा लागे. पलंग, कपाट आणि कूलर ठेवल्यावर आपल्या किती खोल्यांत सहा फूट रिकामे उरतात?

महाराष्ट्रात हे काम झालेले आहे. मुंबईच्या ट्राइनने प्लेस्टेशन ३ च्या मूव्ह कंट्रोलरसाठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' केला. बॅट हातात आली, हीच त्याची सगळ्यांत सरळ बाजू. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला. कंट्रोलरमध्ये जायरो असूनही त्यांनी लढाई बटणांवर ठेवली. मला तो निर्णय पटतो. भिंतीवरून धावत, खांबाभोवती गिरकी घेत लढणाऱ्या मुलीच्या चपळाईला खेळाडूच्या मनगटाने खोडा घालू नये.

सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की आपला खेळ एकदा जळगाव-मुक्ताईनगर एसटीत बसून खेळून पाहा. बस वळली की जायरोला वाटते तुम्ही वळलात, आणि नेम आपोआप सरकतो. अशा वेळी 'पुन्हा मध्यावर' हे बटण अंगठ्याखाली हवे, तीन मेनू आत नको. आणि जायरो नसलेल्या फोनवरही खेळ पुरा हवा. स्पर्धेच्या खेळात तर ही न्यायाची बाब आहे. दोन-चार हजार रुपये कमी पडले म्हणून एखाद्या मुलाचा नेम कायमचा जड राहावा, हे आपण मुकाट्याने चालवून घेता कामा नये.

मीही गोफणीचा एक कच्चा नमुना फोनवर केला आहे. मनगट फिरवायचे, आणि झटका दिला की खडा सुटतो, अशी पहिली रचना होती. आमच्या शेजारच्या शेतातल्या सत्तरीच्या आबांना तो खेळायला दिला. त्यांनी डोळे बारीक करून दोन फेरे फिरवले आणि तिसऱ्याला बोटे उघडली. फोन कडब्याच्या गंजीवर जाऊन पडला. 'वी'च्या पहिल्याच महिन्यात निन्टेन्डोला सुमारे ३२ लाख मनगटपट्टे बदलून देऊ असे जाहीर करावे लागले होते, ते मला तेव्हा आठवले. आबांचे काही चुकले नव्हते. सुटण्याची खूण झटका नाही, चिमूट उघडणे आहे, आणि मी तीच गाळली होती.

फोनला दोरी बांधली. रचना बदलली: अंगठा स्क्रीनवर दाबून धरायचा, फेरे घ्यायचे, अंगठा उचलला की खडा सुटणार. दुसऱ्या दिवशी आबांनी पुन्हा फोन घेतला. तिसऱ्या फेऱ्याला अंगठा उचलला आणि पडद्यावरचा थवा उडाला. त्यांनी मान वर करून खऱ्या आभाळाकडे पाहिले, आणि विचारले, "खडा जड कर ना थोडा."