कपाळावर कुंकू, कागदावर नाव नाही

सिडकोतल्या एक बाई आमच्या केंद्रात आल्या. नवरा वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. पक्षाघाताने वाचा गेली, ओळखही राहिली नाही. फ्लॅट त्याच्या नावावर, मुदत ठेवी त्याच्या एकट्याच्या, फंडाचा पैसा त्याच्याच खात्यात. घर त्या पैशावर जितके चालले तितकेच बाईंच्या राबण्यावर चालले. पण आता नळीतून द्यायचे अन्न आणि रात्रीची आया यांसाठी त्या बहिणीकडे उसने मागत होत्या. बँकेत उत्तर मिळाले, "साहेबांची सही आणा."

मुलाने मुखत्यारपत्राचे सुचवले. ज्याला काही कळतच नाही तो ते देणार कसे? आणि आधी दिलेले असते तरी माणसाची समज गेली की करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे तेही संपते. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेची व्यवस्था लावून घेण्याची वाट होती. 2017 चा नवा कायदा रुग्णांच्या हक्कांच्या दृष्टीने कितीतरी चांगला, पण त्यात ही तरतूद उरली नाही. राहते ते उच्च न्यायालय. 2020 साली मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या एका माणसाची पालक म्हणून त्याच्या बायकोला नेमले, तेही यासाठी कायदाच नाही म्हणून आपल्या विशेष अधिकारात. संभाजीनगरात निदान खंडपीठ तरी आहे. किनवटच्या बाईने वकिलाची फी कुठून आणायची? नवरा मेला तर वारस दाखल्याचा रस्ता असतो. तो जिवंत आहे, हाच बाईचा गुन्हा!

अमेरिकेत नर्सिंग होमचा खर्च सरकार देते, पण त्याआधी दोघांची शिल्लक जवळजवळ संपवावी लागे. तेव्हा 1988 साली कायदा करून घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी मिळकतीचा काही वाटा राखून ठेवला. आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आपले शुश्रूषागृह म्हणजे बायको. जनआरोग्य योजनेतून इस्पितळातले उपचार होतात; घरी आल्यावर वर्षानुवर्षे कूस बदलणे, हगणे-मुतणे काढणे कुठल्या योजनेत बसते? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्यात निदान 150 जणांसाठी वृद्धाश्रमाची भाषा आहे, पण ती निराधारांसाठी, आणि तीही सरकार 'स्थापन करू शकेल' अशी. ज्या बाईच्या नवऱ्याचा फ्लॅट आहे ती कागदोपत्री निराधार नाही. हातात मात्र दमडी नाही.

आपण चळवळीतल्या बायका मारहाणीवर बोललो, पोटगीवर बोललो, परित्यक्तांच्या हक्कांसाठी मोर्चे काढले. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावे जमिनी करायला लावल्या. नवरा आहे पण सही करू शकत नाही, ही बाई मात्र आपल्या एकाही मागणीपत्रात नाही. पालकत्वाचा सोपा, जिल्हा पातळीवरचा कायदा हवा, ही मागणी आपणच लावून धरायला हवी.

तोवर काय? खाते दोघांचे आणि 'दोघांपैकी कोणीही' चालवू शकेल असे. ठेवही दोघांची, मुदतीआधी एकाच्या सहीने मोडता येईल असे ठेवतानाच लिहून घ्यावे, नाहीतर दुसरी सही मागतात. आणि घर. नवऱ्याने राहते घर बायकोला बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पैसा फारसा आडवा येत नाही, आडवी येते ती मालकी. वारसदार म्हणून नाव लावून दिले की नवऱ्यांना वाटते झाले. पण ते नाव तो मेल्यावरचे.

हे सारे तो धडधाकट असताना करायचे. त्या वेळी विषय काढला की सासू म्हणते, "काय अभद्र बोलतेस!" नवरा म्हणतो, "माझ्या मरणावर टपलीस का?" हिशेब विचारणारी बायको अवदसा आणि अंथरुणाशी खिळलेल्याचे सगळे करणारी मात्र सती-सावित्री. हे दोन्ही ठसे एकाच छापखान्यातले.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत मी विचारले, राहत्या घराच्या कागदावर कुणाकुणाचे नाव आहे? थोडेच हात वर आले. एका म्हाताऱ्या आजींनी विचारले, "पोरी, कागद असतो कुठं, तेच ठाऊक नाही. आधी ते विचारू का?"

आधी तेच विचारा, असे मी त्यांना सांगितले.