फरक पाठ करू नका, घड्याळ शोधा!



‘समकालिक व असमकालिक संदेशवहनातील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, की ठरावीक उत्तर मिळते : समकालिक पद्धत वेगवान, असमकालिक मंद. या उत्तराला गुण मिळतात. पण माझ्या मते त्यात विज्ञान फारसे नाही. खरा प्रश्न घड्याळाचा आहे.

तारेवरून एकामागून एक येणारे ० किंवा १, म्हणजे ‘बिट’, नेमके केव्हा वाचायचे हे घेणाऱ्या यंत्राला कळले पाहिजे. समजा, त्याचे घड्याळ पाठवणाऱ्याच्या घड्याळापेक्षा ३ टक्के पुढे पळते. १० बिटांनंतर चूक ०.३ बिटाची होईल. प्रत्येक बिट मधोमध वाचला, तर अर्ध्या बिटापर्यंतची चूक खपून जाते. पण १०० बिटांनंतर चूक ३ बिटांची होते आणि संदेशाचा पार बोजवारा उडतो!

असमकालिक पद्धतीत यावर साधा तोडगा आहे. तार स्वस्थ असताना तिच्यावर १ असतो. प्रत्येक अक्षराआधी ० हा आरंभ-बिट येतो आणि घेणारा तेथून नव्याने मोजू लागतो. अक्षराचे ८ बिट संपले, की १ हा अंत-बिट येतो. म्हणजे ८ बिटांसाठी १० खर्च होतात. सेकंदाला ९६०० बिट नेणाऱ्या तारेवरून ९६० अक्षरेच जातात.

समकालिक पद्धतीत घड्याळाचे ठोके वेगळ्या तारेने पाठवतात किंवा संदेशातच गुंफतात. मग १००० अक्षरांचा गठ्ठा सलग जातो. त्याला ८ जादा अक्षरे जोडली, तरी ९९ टक्क्यांहून अधिक भाग कामाचा असतो. मोबदला द्यावा लागतो तो जादा तारेचा किंवा गुंतागुंतीच्या यंत्रणेचा.

मग श्रेष्ठ कोणती? टेलिप्रिंटरवर माणूस थांबत थांबत टंकलेखन करी. तेथे पहिलीच योग्य होती. मेमरी कार्डात छायाचित्रे भराभर साठवायची असतात. म्हणून त्याला घड्याळाची स्वतंत्र जोडणी असते.

शिक्षकांना एक विनंती. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने मनात सेकंद मोजत बाकावर टकटक करावी : टकटक म्हणजे १, शांतता म्हणजे ०. दुसऱ्याने मनातच मोजत लिहावे. आधी १० बिट पाठवा, मग ४०. शेवटी तिसऱ्याला दर सेकंदाला टाळी वाजवू द्या. मगच फरकाचा तक्ता करा. आणि तो फळ्यावर विद्यार्थ्यांनाच लिहू द्या.