फिगर ऑफ स्पीच घोकू नका, ओळखायला शिका

परीक्षा जवळ आली की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दरवर्षी तेच चित्र दिसते. बारावीची मुले गाईड उघडून घोकत असतात : सिमिलीत 'लाइक' किंवा 'ॲज' येते, मेटाफरमध्ये येत नाही, आयरनी म्हणजे... आणि तिथे अडतात. थोड्या मार्कांचा प्रश्न आहे, व्याख्या लिहा आणि पुढे जा, असे त्यांना सांगितलेले असते. खरे सांगायचे तर आम्हीही अनेक वर्षे हेच सांगत होतो. ती आमची चूक होती.

यंदा आम्ही गाईड बाजूला ठेवले आणि बाबासाहेबांपासून सुरुवात केली.

आयरनी म्हणजे काय? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी बाबासाहेबांना बोलावले. भाषण वाचल्यावर मंडळच घाबरले. बाबासाहेबांनी मजकूर बदलायला नकार दिला आणि अधिवेशन रद्द झाले. जात तोडायला निघालेल्यांना जात तोडणारे भाषण सोसवले नाही! मुले हसली. व्याख्या पाठ करायची गरजच उरली नाही.

मेटाफर घ्या. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यांचा मनोरा म्हटले. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला वाट नाही. हे रूपक कळलेल्या मुलाला कोणी 'मेहनत केली की वर येशील' असे सांगितले, तर तो विचारील, जिना कुठे आहे?

रेटॉरिकल क्वेश्चन शिकायला शेक्सपिअरपर्यंत जायची गरज नाही. फुले दाम्पत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा १८५५ चा निबंध वाचा. उत्तर ठाऊक असूनही व्यवस्थेला उभे करून विचारलेले प्रश्न त्यात आहेत. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

युफेमिझम म्हणजे कटू गोष्टीला दिलेले गोड नाव. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत अस्पृश्यांना कायद्याने 'हरिजन' म्हणायचा प्रस्ताव आला, तेव्हा बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह सभागृहातून बाहेर पडले. नाव गोड केल्याने अवस्था बदलत नाही, हा मुद्दा होता.

आणि पॅसिव्ह व्हॉइस? आजचा पेपर उघडा. 'मजुरांना गटारात उतरवण्यात आले.' कोणी उतरवले? कर्ता गायब! सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे गायब झालेला कर्ता हाच गुन्हेगार असतो. अत्याचाराच्या बातमीला 'दोन गटांत वाद' असा मथळा दिला जातो, तेव्हाही हेच घडते.

काही कार्यकर्ते म्हणतात, पोरांना आधी स्पेलिंग तर येऊ द्या. स्पेलिंग यायलाच हवे, मार्कही हवेत. पण ज्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून इंग्रजी पुस्तके आहेत, त्यांची मुले ही हत्यारे जेवताना ऐकून शिकतात. आपल्या मुलांच्या वाट्याला फक्त यादी येते. मुलाखतीत, कोर्टात, विद्यापीठाच्या सेमिनारमध्ये समोरचा शब्दांशी काय खेळ करतो आहे, हे यादी पाठ करून कळत नाही.

त्या संध्याकाळी एका मुलीने विचारले, "सर, आमच्या शाळेच्या भिंतीवर समतेचं वाक्य लिहिलंय आणि त्याच भिंतीखाली झाडू मारायला फक्त आमच्या वस्तीतल्या मुलींना लावतात. ही आयरनीच ना?"

होय, हीच. पण ओळखून थांबायचे नाही, म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला आम्ही तिच्यासोबत बसलो. पहिल्या मसुद्यात तिने लिहिले होते, 'आम्हाला झाडायला लावले जाते.' मग तिनेच ते खोडले आणि कोण लावते ते लिहिले.

मित्रांनो, प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत आठवड्याची एक संध्याकाळ यासाठी काढा. एक संज्ञा, बाबासाहेबांचे एक पान आणि त्या दिवसाचे वर्तमानपत्र. एवढे पुरेसे आहे.

जय भीम!