माशांच्या टाकीत माणसांच्या कॅप्सूल

घरात काचेची टाकी असणे ही आता फक्त मुंबई-पुण्याची हौस राहिलेली नाही. सातारा, कराड, सांगली, मिरजेतही दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात, हॉटेलांत आणि घरोघरी रंगीत मासे दिसतात. बहुतेक ठिकाणी ते गोड्या पाण्यातले असतात. मात्र ‘फाइंडिंग नेमो’ हा चित्रपट २००३ साली आल्यापासून नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशने जगभरातल्या मुलांना वेड लावले आणि समुद्र घाटापलीकडे असलेल्या आपल्या भागातही खाऱ्या पाण्याची टाकी मांडणारे हौशी लोक निघाले. टाकी मांडता येते, मासा विकतही मिळतो. तो आजारी पडला की न्यायचे कुठे, याचे उत्तर मात्र मिळत नाही.

मग माणूस दुकानात जातो. तिथे एखादे निळे औषध मिळते, किंवा ‘टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाका’ असा सल्ला. रोग कोणता, हे कोणी पाहत नाही. हा प्रश्न एका माशापुरता नाही. प्रतिजैविकांचा हा बेहिशेबी वापर अखेर आपल्याच आरोग्याशी येऊन भिडतो.

आधी पाणी, मग औषध

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णा नदीत मोठ्या प्रमाणावर मासे मेले, तेव्हा पहिली शंका पाण्यावर घेतली गेली, माशांच्या रोगावर नाही. घरच्या टाकीतही हाच क्रम हवा. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. टाकीतले उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४, म्हणजे अल्कधर्मी असतो आणि अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. उष्णतेने त्यात भर पडते. क्लाउनफिशला २४ ते २७ अंश तापमान मानवते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये वीज गेली की टाकीतले पाणी तापते, त्यातला प्राणवायू घटतो आणि मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतो. अशा माशाला औषध नव्हे, हवा आणि गारवा लागतो.

आपल्याकडचा आणखी एक गैरसमज बोअरच्या पाण्याचा. कृष्णाकाठी उसाच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि अनेक ठिकाणी बोअरचे पाणी मचूळ लागते. पण मचूळ पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. त्यातल्या क्षारांचे प्रमाण वेगळे असते. टाकीसाठी शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मिठाचे तयार मिश्रण घालून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता ठेवावी लागते. बाष्पीभवनाने पाणी कमी झाले तर गोडेच पाणी भरायचे, कारण वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ टाकीतच राहते.

रोग ओळखावा कसा?

क्लाउनफिश डुलत-डुलत पोहतो, रात्री कोपऱ्यात कलंडून झोपतो, मोठ्या मादीसमोर अंग थरथरवतो. हे सगळे स्वाभाविक आहे. खाणे सोडणे, कल्ल्यांची जलद हालचाल, दगडावर अंग घासणे ही खरी लक्षणे. त्यामागे बहुधा तीनपैकी एक परजीवी असतो.

पहिला ब्रुकलिनेला. क्लाउनफिशमध्ये तो इतका आढळतो की त्याला ‘क्लाउनफिशचा रोग’च म्हणतात. अंगावर दाट पांढरट, बुळबुळीत थर येतो, रंग फिकट होतो, कातडी सोलवटल्यासारखी दिसते. समुद्रातून पकडून आणलेल्या, प्रवासाने थकलेल्या माशांत तो जास्त दिसतो आणि एक-दोन दिवसांत मासा दगावू शकतो. दुसरा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग: मिठाच्या कणांएवढे, मोजता येतील असे ठिपके. तिसरा ‘व्हेल्वेट’: बाजूने विजेरी धरली तर अंगावर सोनेरी भुकटी भुरभुरल्यासारखी दिसते. त्याआधीच तो कल्ल्यांवर हल्ला करतो, म्हणून भुकटी दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

या तिघांचे उपचार वेगळे आहेत. ठिपक्यांवर आणि व्हेल्वेटवर तांब्याचे औषध चालते. ब्रुकलिनेलावर ते भरवशाचे नाही, तिथे फॉर्मालिन लागते. तांब्याची मात्रा रोज मोजावी लागते: थोडी कमी पडली तर परजीवी जगतो, थोडी वाढली तर मासा मरतो. प्रवाळ, समुद्रफुले आणि गोगलगायी तर तांब्याने हमखास मरतात, म्हणून उपचार वेगळ्या टाकीतच करायचे. मुख्य टाकीही किमान सहा ते आठ आठवडे माशांविना ठेवावी लागते, कारण ठिपक्यांच्या परजीवीची कोषावस्था तळाशी दडून राहते. फॉर्मालिनची वाफ माणसाला घातक असून ते कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. बंद खोलीत, हातमोज्यांशिवाय, अंदाजाने वापरायची ही वस्तू नव्हे.

कॅप्सूल का नको?

वरचे तिन्ही रोग जिवाणूंचे नाहीत, त्यामुळे प्रतिजैविकाचा त्यांच्यावर उपयोग नाही. त्यातही समुद्री पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला बांधून निष्प्रभ करतात. अमोनिया पचवणाऱ्या उपयुक्त जिवाणूंना धोका मात्र होतोच. मासा वाचत नाही, पाणी बिघडते आणि ते पाणी गटारात ओतले की औषधाला सरावलेले जिवाणू वाढायला वाव मिळतो. ज्या औषधांवर आपली रुग्णालये अवलंबून आहेत, तीच अशी वाया जातात.

टाकीतून माणसाकडे येणारा एक आजारही लक्षात ठेवावा. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयाच्या जिवाणूचा नातलग. हाताला जखम असताना टाकीत हात घातला तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी गाठ येऊ शकते. तिचे उपचार काही महिने चालतात. अशी गाठ आली तर घरात मासे आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदान लवकर होते.

पैसा आहे, पण डॉक्टर कुठे?

सरकारचे लक्ष माशांकडे नाही, असे म्हणता येणार नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मासे पाळण्यासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. माशांचे रोग कळवण्यासाठी जून २०२३ मध्ये केंद्राने मोबाइल अ‍ॅपही आणले. पण हा सारा विचार मुख्यत्वे मत्स्यशेतकऱ्यांचा आणि उत्पादनाचा आहे. दुकान आणि घर या दोन कड्या त्यातून सुटतात.

राज्यातली मत्स्य महाविद्यालये रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर आणि उदगीर येथे आहेत. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाचा भर मात्र साहजिकच गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्या आणि कुत्र्या-मांजरांवर असतो. तिथे आठवड्यातून एक दिवस माशांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालवायला फार मोठा खर्च येणार नाही. माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर परजीवी काही मिनिटांत ओळखता येतो. शिरगावच्या तज्ज्ञांचा सल्ला दूरध्वनीवर जोडून घेता येईल. विद्यार्थ्यांना नवे काम मिळेल आणि रंगीत मासे पाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या महिला बचत गटांनाही आधार होईल.

तोवर आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. मासा घेताना तो समुद्रातून पकडलेला की केंद्रात पैदास केलेला, हे विचारा आणि पैदास केलेलाच घ्या. नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. करोनाने विलगीकरणाचा अर्थ आपल्याला चांगलाच शिकवला आहे. माशांच्या बाबतीतही तो लागू आहे आणि कुठल्याही औषधापेक्षा स्वस्त आहे.