फुप्फुसासाठी कोणताच पदार्थ ‘तटस्थ’ नसतो

कॅनडात किंवा अमेरिकेत शिकायला गेलेले विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात: ‘सर, गांजाचा घट्ट अर्क पातळ करून ओढायचा असेल, तर कोणते व्हेपोरायझर चांगले?’ मागोमाग उपप्रश्न येतात. कॉइल सिरॅमिकची की धातूची? वॅट किती, व्होल्ट किती? पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाला एवढे तरी ठाऊक असणारच, अशी त्यांची समजूत असते. माझे उत्तर त्यांना रुचत नाही. उपकरण हा दुय्यम मुद्दा आहे. अर्क कशाने पातळ केला आणि तापल्यावर त्या पदार्थाचे काय झाले, हा मुख्य प्रश्न आहे, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

हा अर्क थंडीतल्या मधासारखा घट्ट असतो. तो वातीत सहज मुरत नाही. म्हणून त्यात दुसरा द्रव मिसळतात. प्रत्येक झुरक्याबरोबर तो द्रवही फुप्फुसात उतरतो. तरीही ‘ही तर नुसती वाफ’ असे बिनदिक्कत सांगितले जाते.

या ‘नुसत्या वाफे’ची किंमत अमेरिकेने २०१९ मध्ये मोजली. धडधाकट तरुण श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात दाखल होऊ लागले. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथील रोगनियंत्रण केंद्राकडे २,८०७ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील ६८ जण दगावले होते. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन-ई ॲसिटेट सापडले. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटात ते एकातही नव्हते. हाच पदार्थ त्वचेच्या क्रीममध्ये असतो, गोळ्यांतून गिळला जातो. त्याचा दाटपणा अर्कासारखाच असल्याने भेसळ डोळ्यांना कळत नाही. तो तापल्यावर कीटीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो, हे २०२० मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले. रुग्णांच्या फुप्फुसांना इजा कीटीननेच झाली, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण पोटाला चालणारा पदार्थ फुप्फुसालाही चालतो, हा भ्रम मात्र त्या वर्षी कायमचा मोडायला हवा होता. त्या रुग्णांना महागडे उपकरण वाचवू शकले असते का?

आता तापमानाविषयी. ‘टीएचसीचा उत्कलनबिंदू १५७ अंश सेल्सिअस’ हा आकडा उपकरणांच्या चर्चेत मंत्रासारखा म्हटला जातो. तो मोजला गेला ०.०५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब ७६० मिलिमीटर, म्हणजे त्याच्या पंधरा हजार पट. दाब न सांगता उत्कलनबिंदू सांगणे ही अकरावीच्या उत्तरपत्रिकेतही चूक ठरते. उत्कलनबिंदूच्या खालीही बाष्पीभवन होते, हे खरे. पण मग त्या आकड्याला ‘सुरक्षित तापमान’ म्हणण्यास आधार कोणता? वॅटचेही तसेच. वॅट म्हणजे कॉइलला मिळणारी शक्ती, तिचे तापमान नव्हे. वात कोरडी पडली की तेवढ्याच वॅटला कॉइल कितीतरी अधिक तापते. पोर्टलंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की अर्काला सुगंध देणारी टर्पीन द्रव्ये फार तापली, तर त्यांतून बेंझीन तयार होते. त्या द्रव्यांना ‘नैसर्गिक’ म्हटल्याने हे टळत नाही.

‘भारतात यावर बंदीच आहे, मग चर्चा कशाला?’ असे काही जण म्हणतील. बंदी आहेच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात हशीश तेलाचा समावेश चरसमध्ये आहे, आणि २०१९ पासून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवरही बंदी आहे. याच १९८५ च्या कायद्यात मिश्रणातील इतर द्रव्यासाठी ‘तटस्थ पदार्थ’ असा शब्द आहे. जप्त मालाचे प्रमाण ठरवताना त्याचेही वजन धरावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात दिला. वजनकाट्यापुरता तो शब्द ठीक आहे. विज्ञानात त्याला थारा देता कामा नये. बंदीने दुकान बंद होते, रसायनक्रिया थांबत नाही. उलट, चोरट्या बाजारातील कुपीवर घटकांची यादीही नसते. म्हणून आपल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी जप्त कुपीतील मादक द्रव्य ओळखून थांबू नये; ते कशात मिसळले होते, हेही शोधावे आणि त्याचे निष्कर्ष डॉक्टरांपर्यंत पोहोचवावेत.

विद्यार्थिमित्रहो, म्हणूनच मी कोणतेही उपकरण सुचवणार नाही. कोणी ‘नुसती वाफ’ म्हणाले, तर त्याला तीन प्रश्न विचारा: आत काय आहे? ते किती तापते? हे कोणी मोजले? एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर तो प्रयोग तुमच्यावर चालला आहे, एवढे ओळखा.