विश्लेषण : ‘रिपोर्ट क्लिअर’ आल्यावरही ब्लड कॅन्सर का उलटतो?

हापूसच्या एकाच झाडावर एका फांदीला मोहोर आणि शेजारच्या फांदीला नुसती पालवी, हे रत्नागिरीच्या बागायतदाराला नवे नाही. झाड एक, कलम एक, जनुके तीच. फांद्यांची वागणूक मात्र निराळी. ब्लड कॅन्सरच्या पेशींचेही काहीसे असेच असते, आणि आजार उलटण्याचे एक कारण त्यात आहे.

कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, हे डीएनएला चिकटलेल्या रासायनिक खुणांवरही ठरते. पेशीचे विभाजन झाले की या खुणा बहुतांशी नव्या पेशींतही उतरतात. यालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. कॅन्सरमध्ये ही नक्कल बिघडते. एका पेशीत जे जनुक बंद, तेच शेजारच्या पेशीत चालू. केमोथेरपीत बहुतेक पेशी मरतात. पण एखादीला तिच्या खुणांमुळे औषध सोसते, आणि पुढची वाढ तिच्यापासून होते.

डॅन लँडाऊ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सीएलएल’ या ब्लड कॅन्सरमध्ये ही विस्कळीत नक्कल दाखवली. ती जितकी जास्त, तितका आजार वाईट वळणावर. २०१६ मध्ये ‘एएमएल’ रुग्णांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली : खुणांमधील विविधता जनुकीय बदलांच्या मागोमाग जाते असे नाही, ती स्वतंत्रपणेही बदलते. म्हणजे केवळ म्युटेशनचा रिपोर्ट पाहून पूर्ण चित्र कळत नाही. खुणा पुसणारे ॲझासायटिडिनसारखे औषध आहे, पण तो रामबाण नव्हे.

म्हणूनच फेरतपासणी महत्त्वाची. ‘एमआरडी’ चाचणी खुणा वाचत नाही. दहा हजारांत एक उरलेली कॅन्सरपेशी मात्र शोधू शकते. मुलांच्या ‘एएलएल’मध्ये उपचार दोन-अडीच वर्षे चालतात आणि त्यातला मोठा काळ घरी गोळ्या घेण्याचा असतो. मूल खेळू लागलेले असते. अशा वेळी परळ किंवा खारघरची तीनशेहून अधिक किलोमीटरची खेप, बुडणारी मजुरी, मुंबईतला मुक्काम हे सगळे नकोसे होते आणि तारीख पुढे जाते. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

दर वेळी रुग्णानेच का जावे? रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणचे रुग्णालय आहे. अस्थिमज्जेचा नमुना तिथे घेऊन मुंबईला पाठवण्याची सोय शासनाने लावायला हवी. नमुना ताजा असतानाच प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, हे खरे. पण आंब्याच्या पेट्या एका रात्रीत वाशीला पोहोचतात, आणि खारघर तिथून लांब नाही. अडचण प्रशिक्षित हातांची आणि ठरलेल्या वेळापत्रकाची आहे.

तोवर गोळ्या परस्पर बंद करू नयेत. तारीख हुकणार असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवून नवी तारीख घ्यावी.